यीस्टची भुकटी जिवंत कशी?

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात इंझोरी नावाचं गाव आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही तिथल्या मुलांबरोबर दोन-तीन दिवस होतो. विषय होता किण्वन. फळ्यावर समीकरण लिहून देण्याऐवजी सगळ्यांनी मिळून पाव करायचा असं ठरलं. सामान साधंच होतं: मैदा, साखर, मीठ, थोडं तेल आणि यीस्टच्या भुकटीचं पाकीट. भट्टी म्हणजे चुलीवर एक मोठं पातेलं, तळाशी वाळू आणि वर झाकण.

पहिला गोळा आम्ही सकाळी माठातल्या पाण्यानं भिजवला. दोन तास झाले तरी तो होता तसाच. मुलं कंटाळली, आमचीही घाई झाली. दुसरा गोळा चुलीवरच्या चांगल्या कढत पाण्यानं भिजवला. तो तर संध्याकाळपर्यंत हलला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल एवढंच तापवलं आणि गोळ्याचा डबा गोधडीत गुंडाळून ठेवला. तासा-दीड तासात गोळा दुप्पट झाला.

पाव खाऊन झाल्यावर आम्ही झालेल्या चुका समजावून सांगू लागलो. "पहिल्या खेपेला यीस्ट गारठलं होतं. दुसऱ्या खेपेला गरम पाण्यानं ते मेलं." आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, हे तं पावडर हाय. मराले आंधी जित्तं असाव लागते ना?"

"यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे, पुस्तकात दिलंय," असं उत्तर आम्ही दिलं. ती गप्प बसली. पण तिला पटलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पटावं असं आम्ही काही सांगितलंही नव्हतं. यीस्ट जिवंत आहे हे कशावरून? या प्रश्नावर युरोपातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ साठ वर्षं भांडत होते. तो इतिहास पाहण्याजोगा आहे.

गव्हाचा फुगा

आधी कणकेत काय घडतं ते पाहू. यीस्ट साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डाय-ऑक्साईड करतं. पाच ग्रॅम साखर, म्हणजे एक लहान चमचा, पूर्णपणे वापरली गेली तर जवळजवळ दीड लिटर वायू तयार होतो. भाजताना अल्कोहोल उडून जातं. वायू मात्र कणकेत अडकून राहिला तरच पाव फुगतो.

तो अडकवण्याचं काम ग्लुटेन करतं. इटलीतल्या बोलोन्या शहरातले याकोपो बेक्कारी यांनी गव्हाच्या पिठातून ग्लुटेन वेगळं काढलं. त्यांचा निबंध १७४५ मध्ये छापला गेला. त्यांची कृती वर्गात सहज करता येते. कणकेचा गोळा पाण्याखाली हलक्या हातानं धूत राहायचं. पांढरं पाणी, म्हणजे स्टार्च, निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. पाण्याबरोबर मळल्यावर गव्हातल्या प्रथिनांचं हे जाळं तयार होतं आणि वायूचा प्रत्येक बुडबुडा त्यात फुग्यासारखा धरला जातो.

हीच कृती ज्वारीच्या पिठावर करून पाहा. हातात काहीच उरत नाही. ज्वारीत असं जाळं करणारी प्रथिनं नाहीत. म्हणून ज्वारीच्या पिठात यीस्ट कितीही काम करो, वायू निसटून जातो. भाकरी फुगते ती आतल्या वाफेनं, आणि तीही क्षणभर. ज्या मुलुखाचं मुख्य अन्न ज्वारीची भाकरी, तिथे पाव घरोघरी झाला नाही याचं एक कारण थेट धान्यातच आहे.

फेस आणि सूर

मग पाववाल्यांना यीस्ट मिळायचं कुठून? रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात नोंदवलं आहे की गॉल आणि स्पेनमधले लोक पेयासाठी धान्य आंबवतात, त्यावर येणारा फेस कणकेत घालतात आणि म्हणून त्यांची रोटी इतरांपेक्षा हलकी होते. जिथे बिअर होती तिथे बिअरचा फेस. इतरत्र आदल्या दिवसाच्या कणकेतला एक गोळा बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो नव्या कणकेत मिसळायचा.

आपल्याकडे याचं सर्वांत चांगलं उदाहरण गोव्यात आहे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांना पाव हवा होता, पण इथे बिअर नव्हती. होती ती माडाची सूर. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात माडापासून काढल्या जाणाऱ्या सुरेचं वर्णन केलं आहे. ताज्या रसात साधारण १० ते १५ टक्के साखर असते. मडक्यात, हवेत आणि किड्यांच्या पायांवर असलेलं यीस्ट त्यात शिरतं आणि काही तासांत रस फसफसू लागतो. हीच सूर कणकेत घातली की पाव फुगतो. साष्टी तालुक्यातल्या माजोर्डे भागातल्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी ही कला शिकवली, असं गोव्यात परंपरेनं सांगितलं जातं.

पाव भाजणारा तो पोदेर. हा शब्द पोर्तुगीज 'पादेरू'वरून आला. आपला 'पाव' शब्दही पोर्तुगीजच. पीठ पायानं मळतात म्हणून पाव, ही नुसती सांगोवांगी. उंडो, पोई, काट्रे पाव, बांगडीसारखं कांकण असे कितीतरी प्रकार पोदेरांनी घडवले. गोव्यातून मुंबईला आलेल्यांनी तिथेही पावाच्या भट्ट्या घातल्या. पुढे इराण्यांच्या बेकऱ्या आल्या आणि पाव मराठी माणसाच्या मिसळीत, उसळीत शिरला.

पोदेराला काय काय माहीत होतं ते लक्षात घ्या. ताजी गोड सूर उपयोगाची नाही, ती फसफसायला हवी. फार शिळी झाली तर तिचं व्हिनेगर होतं, मग पाव आंबट आणि बसका. गारव्यात जास्त वेळ द्यावा लागतो. सुरेत काहीतरी राहतं आणि ते सांभाळावं लागतं हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. ते 'काहीतरी' काय, हे मात्र त्या काळी जगात कोणालाच माहीत नव्हतं.

किलोभर सोन्याचा प्रश्न

हॉलंडच्या लेवेनहूकनं १६८० मध्ये आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली बिअरमधलं यीस्ट पाहिलं. त्याला बारीक गोल कण दिसले. ते जिवंत असतील असं मात्र त्याला वाटलं नाही. पुढची दीडशे वर्षं ते कणच राहिले.

लाव्वाझिएनं १७८९ मध्ये किण्वनाचा हिशेब मांडला. एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला अल्कोहोल आणि कार्बन डाय-ऑक्साईड, आणि दोन्ही पारडी समान. या हिशेबात यीस्टला जागाच नव्हती. ते नसेल तर क्रिया सुरू होत नाही, पण समीकरणात ते कुठेच नाही! १८०० च्या सुमारास फ्रान्सच्या विज्ञानसंस्थेनं बक्षीस जाहीर केलं: किण्वन घडवणारा पदार्थ आणि किण्वन होणारा पदार्थ यांत फरक काय, हे सांगणाऱ्याला किलोभर सोन्याचं पदक. ते कोणालाच मिळालं नाही आणि काही वर्षांनी बक्षीस मागे घेण्यात आलं.

१८३७ च्या आसपास तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर, जर्मनीत थिओडोर श्वान आणि फ्रिडरिश क्युट्झिंग. लेवेनहूकच्या त्या कणांना कोंब फुटतात, कोंब मोठे होऊन वेगळे होतात. आज आपण याला मुकुलायन म्हणतो. श्वाननं आणखी दाखवलं की साखर आणि यीस्टचं मिश्रण उकळलं आणि त्याला फक्त तापवलेली हवा मिळू दिली, तर किण्वन होत नाही. त्यानं यीस्टला 'साखरेची बुरशी' म्हटलं. सॅकॅरोमायसिस या लॅटिन नावाचा अर्थ तोच.

टिंगल

यावर १८३९ मध्ये जर्मनीतल्या रसायनशास्त्राच्या एका आघाडीच्या नियतकालिकात निनावी लेख आला. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर यीस्ट म्हणजे चिमुकले प्राणी असल्याचं दिसतं, असं त्यात गंभीर चेहऱ्यानं लिहिलं होतं. त्यांचा आकार ऊर्ध्वपातनाच्या भांड्यासारखा, ते साखर खातात, एका वाटेनं अल्कोहोल सोडतात आणि दुसऱ्या वाटेनं कार्बन डाय-ऑक्साईड! लेख फ्रिडरिश व्होलर आणि युस्टुस लिबिग यांच्या लेखणीतून उतरला होता. दोघंही त्या काळचे थोर रसायनशास्त्रज्ञ. व्होलर म्हणजे १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया तयार करणारा.

त्यांना मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. सजीवांमधले पदार्थ घडायला 'जीवशक्ती' लागते, ही जुनी समजूत त्यांनी मोठ्या कष्टानं बाजूला सारत आणली होती. आता कोणीतरी साध्या साखर मोडण्याच्या क्रियेत पुन्हा जीव आणत होतं. लिबिगचं म्हणणं असं: यीस्ट हा कुजत असलेला, अस्थिर प्रथिन पदार्थ आहे. त्याच्या मोडतोडीचा धक्का शेजारच्या साखरेला लागतो आणि साखरही मोडते.

आता आमचा इंझोरीतला दुसरा गोळा आठवा. कढत पाण्यानं यीस्ट निकामी झालं, म्हणून ते आधी जिवंत होतं, असं आम्ही म्हटलं होतं. लिबिगला हे मुळीच पटलं नसतं. फ्रान्समधल्याच पायाँ आणि पर्सो यांनी १८३३ मध्ये माल्टमधून डायास्टेज नावाचं विकर वेगळं केलं होतं. ते स्टार्चची साखर करतं आणि उकळलं की निकामी होतं. ते काही जिवंत नाही. म्हणजे उष्णतेनं काम थांबणं हा जिवंतपणाचा पुरावा नव्हे. त्या मुलीची शंका रास्त होती.

विरजण आणि दिवा

दुसरा पुरावा स्वयंपाकघरात शोधू. विरजणाचा विचार करा, किंवा बाजूला ठेवलेल्या कणकेच्या गोळ्याचा. समजा, एक ग्रॅम ओलं यीस्ट कणकेत घातलं. त्यात साधारण एक हजार कोटी पेशी असतात. रोज कणकेचा दहावा भाग ठेवून बाकी नवीन पीठ घालायचं. यीस्ट वाढत नसेल, तर पहिल्या दिवसानंतर शंभर कोटी पेशी उरतील, मग दहा कोटी, मग एक कोटी. दहा वेळा असं केल्यावर एकच उरेल आणि त्यानंतर बहुधा तीही नाही. प्रत्यक्षात तर घरचं विरजण वर्षानुवर्षं चालतं. म्हणजे आतलं जे काही आहे ते वाढत असलं पाहिजे.

पुरावा भक्कम वाटतो. पण लिबिगची बाजू घेणारा यावरही म्हणू शकेल, "दिव्यानं दिवा लावत गेलं तर ज्योतही कमी होत नाही. मग ज्योत जिवंत का?" मोडतोडीचा धक्काही असाच एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल. हा आक्षेप खोडायला आणखी काही हवं होतं.

पाश्चरचा प्रयोग

१८५६ मध्ये लुई पाश्चर फ्रान्समधल्या लिल शहरात प्राध्यापक होता. त्याच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा बीटपासून अल्कोहोल करण्याचा कारखाना होता आणि तिथलं किण्वन बिघडत होतं. पाश्चर सूक्ष्मदर्शक घेऊन कारखान्यात जाऊ लागला. यातून त्याचे १८५७ आणि १८६० मधले महत्त्वाचे निबंध निघाले.

त्याचा निर्णायक प्रयोग साधा होता. पाण्यात शुद्ध साखर, अमोनियाचा एक क्षार आणि यीस्ट जाळून उरलेली राख एवढंच घातलं. कुजणारं प्रथिन अजिबात नाही. त्यात टाचणीच्या डोक्याएवढं यीस्ट सोडलं. किण्वन झालं आणि यीस्टही वाढलं. वाढलेल्या यीस्टमध्ये प्रथिनं होती. त्यांतला नायट्रोजन अमोनियातून आला होता, कार्बन साखरेतून आणि खनिजं राखेतून. ज्योत दुसरी ज्योत पेटवते, पण अमोनिया आणि राख घेऊन स्वतःचं शरीर बांधत नाही. यीस्ट बांधतं.

लिबिगनं शेवटपर्यंत हार मानली नाही. पाश्चरचा प्रयोग आपल्याला जमला नाही असं त्यानं लिहिलं. १८७१ मध्ये पाश्चरनं आव्हान दिलं की विज्ञान अकादमीच्या समितीसमोर हवं तेवढं यीस्ट असं वाढवून दाखवतो. लिबिगनं उत्तर दिलं नाही. १८७३ मध्ये तो वारला.

गोष्ट इथे संपली असती तर ती 'पाश्चर बरोबर, लिबिग चूक' एवढीच झाली असती. पण १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरनं यीस्ट वाळूबरोबर खलात घोटून पेशी फोडल्या आणि दाबून रस काढला. रस औषधी उपयोगासाठी हवा होता. तो टिकावा म्हणून, मुरांब्यात घालतात तशी, त्यात भरपूर साखर घातली. आणि रसातून बुडबुडे येऊ लागले! एकही जिवंत पेशी नसताना किण्वन चालू होतं. पेशीच्या आतली विकरं हे काम करत होती. किण्वन ही रासायनिक क्रिया आहे हे लिबिगचं म्हणणं खरं ठरलं. त्यासाठी लागणारी यंत्रणा यीस्टची जिवंत पेशीच बांधते हे पाश्चरचं म्हणणंही खरं ठरलं. बुखनरला १९०७ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं आणि जीवरसायनशास्त्राची वाट मोकळी झाली.

पाकिटातलं यीस्ट

हे ज्ञान बेकरीपर्यंत लवकर पोचलं. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. यीस्टला भरपूर हवा मिळाली की ते अल्कोहोल कमी करतं आणि स्वतः जास्त वाढतं, हे पाश्चरनं दाखवलं होतं. यीस्टचे कारखाने याच तत्त्वावर उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शीतकपाटाशिवाय टिकणारी यीस्टची भुकटी सैन्यासाठी तयार झाली. इंझोरीतल्या पाकिटात होती ती तिचीच वंशज. पेशी मेलेल्या नसतात, पाणी काढून घेतल्यानं निपचित पडलेल्या असतात, कोठीतल्या बियाण्यासारख्या. गोव्यातही माडावर चढणारे रेंदेर कमी झाले आणि बहुतेक पोदेर आता तयार यीस्टच वापरतात.

पाव फुगत नाही तेव्हा

यीस्ट जिवंत आहे एवढं धरलं की पाव करण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. २५० ग्रॅम मैद्याला एक चमचा यीस्ट, एक चमचा साखर, पाच ग्रॅम मीठ आणि साधारण १६० मिलिलिटर कोमट पाणी घ्या. यीस्टला २५ ते ३५ अंश सेल्सियस तापमान मानवतं. १० अंशांच्या खाली ते जवळजवळ थबकतं आणि ५५ ते ६० अंशांना मरतं. पाण्यात बोट सुखानं ठेवता आलं पाहिजे. वऱ्हाडात डिसेंबरच्या सकाळी उबेची सोय करावी लागते. मे महिन्यात उलट अडचण येते. गोळा भराभर फुगतो, वेळ टळली की आंबतो, ग्लुटेनचं जाळं सैल पडतं आणि पाव बसतो. तेव्हा थंड पाणी वापरावं आणि लक्ष ठेवावं.

कोरडं मीठ यीस्टवर थेट टाकू नये, ते पेशीतलं पाणी ओढून घेतं. फार साखरेनंही तेच होतं. चक्कीच्या कणकेत कोंडा असतो, तो ग्लुटेनच्या जाळ्यात अडथळा आणतो. म्हणून निम्मा मैदा घालावा आणि पाणी थोडं वाढवावं. बन्सी गव्हाचा रवा शेवयांना उत्तम, पण त्याचं ग्लुटेन ताठ, फारसं ताणलं न जाणारं. त्याचा पाव तितका फुगत नाही. आणि मळण्यात कसूर नको. दहा मिनिटं मळल्यावर कणकेचा पातळ पापुद्रा न फाटता ताणता आला, की जाळं तयार झालं असं समजावं.

पुन्हा तोच प्रश्न

तिसऱ्या दिवशी आम्ही आमचं उत्तर मागे घेतलं आणि मुलांनाच विचारलं, "यीस्ट जिवंत आहे हे कसं दाखवाल?" बऱ्याच चर्चेनंतर दोन बाटल्या ठरल्या. दोन्हींत कोमट साखरपाणी आणि सारखंच यीस्ट. एका बाटलीतलं यीस्ट आधी उकळून गार केलेलं. दोन्हींच्या तोंडाला फुगे बांधले. एक फुगा उभा राहिला, दुसरा लोंबत राहिला. "यानं सिद्ध झालं का?" आम्ही विचारलं आणि त्यांना डायास्टेजची गोष्ट सांगितली. मुलं पुन्हा विचारात पडली.

मग तिसरी बाटली केली. साखरपाणी, थोडं डाळीचं पाणी आणि यीस्टची अगदी चिमूट. एक थेंब लगेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पेशी मोजल्या आणि आकडा लिहून ठेवला. प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडेच वही दिली. पहिल्या दिवशी एका दृश्यक्षेत्रात सात पेशी होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं बराच वेळ मोजलं आणि शेवटी लिहिलं, "मोजता येत नाही." खाली तिनं एक चित्र काढलं होतं: मोठा गोल आणि त्याला चिकटलेला लहान गोल.

आपल्या शाळेत मिथिलीन ब्ल्यू असेल तर आणखी एक गोष्ट करून पाहा. यीस्टच्या थेंबात त्याचा अगदी विरळ द्रव मिसळा. जिवंत पेशी त्याचा रंग घालवतात, मेलेल्या निळ्या होतात. उकळलेलं आणि न उकळलेलं यीस्ट शेजारी शेजारी ठेवा. मुलांना आधी काहीच सांगू नका. त्यांना काय दिसतं ते त्यांनाच लिहू द्या, आणि "कशावरून?" हा प्रश्न आला तर पुस्तक उघडायची घाई करू नका.